काशीला सोडलेला गहू

कोल्हापूरच्या वाटेवरच्या एका खानावळीत मी माझं नेहमीचं पालुपद सुरू केलं. मला गहू अजिबात चालत नाही, पिठाचा कणसुद्धा नको. प्रवासात हे सांगताना माझा आवाज आपोआप अपराधी होतो. वाढणाऱ्या मावशींनी पदराला हात पुसले आणि विचारलं, "काशीला सोडला का?"

काशीयात्रेला गेलेली माणसं आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडून येतात, त्याबद्दल त्या विचारत होत्या.

"नाही हो मावशी, डॉक्टरांनी सोडायला लावला. पोटाला सोसत नाही."

"कुणाच्या का सांगण्यावरनं असेना, सोडलं ते सोडलं," असं म्हणून त्यांनी चपात्यांची परात बाजूला सारली. दुसरी परात धुतली, तवा घासला आणि ज्वारीची भाकरी थापायला घेतली.

मोठ्या हॉटेलांत मला आजारी समजतात, लग्नाच्या पंगतीत नखरेल. इथे मी चक्क व्रतस्थ होते. गरम भाकरी पिठल्याला लावताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी हे सगळं ऐकलं होतं. ते हळूच माझ्याकडे वाकून म्हणाले, "गहू म्हणजे फारच मोठं सोडलंत तुम्ही. मी आपलं कारलं सोडून आलो."