हक्करकीची जुडी

पौषातल्या थंड सकाळी अक्का हक्करकीची ओली जुडी मुठीत धरून स्वयंपाकघरात यायची आणि चुलीपाशी येऊन ती एकदा जोरात झटकायची. दोन-चार थेंब तापल्या तव्यावर चर्र करत विरून जायचे, उरलेले शेकत बसलेल्या माझ्या उघड्या गुडघ्यांवर पडायचे, आणि ‘अगं अक्का!’ म्हणून मी ओरडलो की तिला कोण आनंद व्हायचा! अक्का म्हणजे माझी आई. शिकायला आमच्याकडे राहिलेला मामा तिला अक्का म्हणे, म्हणून मीही तेच म्हणायला शिकलो.

तेव्हा आम्ही हुबळीजवळच्या रायापूरला राहत होतो. सत्तरीच्या दशकाची सुरुवात असेल. घरामागे काळ्या मातीचा एक तुकडा होता आणि न्हाणीचं पाणी वळवून अक्कानं त्यात मेथी, कांद्याची पात, मुळा आणि हक्करकी लावली होती. हक्करकी म्हणजे आमच्या भागातला एक लांबट, कातरलेल्या पानांचा, किंचित कडवट पाला. तो शिजवत नाहीत, भाकरीबरोबर कच्चाच खातात. कधी नुसता, कधी मेथीबरोबर बारीक चिरून, वर कारळाची चटणी, मीठ आणि करडईच्या तेलाची धार घालून केलेली पचडी… तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीची वाफ, ठेचल्या लसणाचा उग्र दरवळ आणि दाताखाली करकरणारं ते गार पान — एवढं सुख मला पुढे कुठल्याही मेजवानीत लाभलं नाही. ‘तिन्नप्पा! खा की, कच्चंच गोड लागतंय,’ असं अक्का आधी कन्नडात, मग मराठीत म्हणायची. मला सांगावं लागतच नव्हतं.

पाचवीत मला हुबळीच्या इंग्रजी शाळेत घातलं. उणकलच्या तळ्यावरून बस पुढे गेली की मी शर्टाची कॉलर नीट करायचो. वर्गात देशपांडे नगरातल्या डॉक्टरांची, दुकानदारांची मुलं होती, त्यांच्या डब्यात ब्रेड असायचा. माझ्या डब्यातली भाकरी मी झाकणाआड खायला लागलो. एकदा शाळेत सकस आहाराचं प्रदर्शन भरलं. प्रत्येकानं एक तक्ता काढायचा आणि घरची एक भाजी टेबलावर मांडायची. मी तक्त्यावर कोबी, बीट, गाजर असं सगळं रंगवलं, जे आमच्या घरात सणासुदीलाही येत नसे. अक्कानं मात्र पहाटे उठून हक्करकी उपटली, मुळं धुतली, केळीच्या सोपटानं जुडी बांधली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या दप्तराशेजारी ठेवली.

मी ती मुद्दामच तिथे सोडून गेलो.

आणि अक्काला वाटलं, पोरगं विसरलं. दुसऱ्या बसनं ती हुबळीला आली. प्रदर्शन ऐन रंगात असताना दारात उभी राहिली. अंगावर ठेवणीतलं इरकली लुगडं, छातीशी जुडी आणि फडक्याच्या पाण्यानं भिजलेला पदर. ‘अरे, विसरलास की रे हे,’ असं म्हणत तिनं ती माझ्या तक्त्यासमोर ठेवली. आता कुणीतरी हसणार या भयानं मीच सगळ्यांच्या आधी हसलो, आणि जुडीकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणालो, ‘दना तिन्नोदु!’ — गुरांचं खाणं. सगळा वर्ग हसला. अक्काला कन्नड माझ्याहून चांगलं येत होतं… तिनं जुडी उचलली, ‘चुकून आलं हे,’ असं बाईंना सांगितलं आणि ती गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

रात्री जेवताना माझ्या ताटात बटाट्याची भाजी होती. ‘त्याला पचडी नाही वाढली?’ अप्पांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं. ‘त्याला नको. त्याच्यापुरता बटाटा केलाय,’ अक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. दुसऱ्या दिवशी बटाटा, तिसऱ्या दिवशी बटाटा… अशी कित्येक वर्षं. शेजारी बाकीचे पचडी खात असत, तो लसणाचा वास माझ्या ताटावरून जात असे, आणि ‘मलाही वाढ’ एवढं मला म्हणता येत नसे. म्हटलं असतं तर त्या दिवसाबद्दल बोलावं लागलं असतं. दुपारी सगळे पडले की मी मागच्या वाफ्यात उकिडवा बसून मातीसकट पानं ओरबाडून खायचो, अगदी गुरासारखा. ‘शेळी शिरते वाटतं,’ असं म्हणून अक्कानं अप्पांकडून कुंपण दोनदा नीट करून घेतलं. मी मान खाली घालून काट्या धरल्या.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न झालं, तेव्हा अक्का अंथरुणाला खिळली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच घरी पाहुणे जेवायला होते. बायकोनं हौसेनं मेथीची पचडी केली आणि ताटं वाढण्याआधी अक्काला दाखवायला नेली. मी दाराबाहेर होतो. अक्कानं वास घेतला, ‘छान झालीय,’ म्हणाली, आणि मग हळू आवाजात तिला सांगितलं, ‘त्याला एकट्याला वाढ हं कधीतरी, फार आवडते. पण चारचौघांत नको वाढू. लाजतो तो.’

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं ती माझी लाज राखत होती.

आत जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवायला हवं होतं. मी दाराबाहेरूनच मागे फिरून पाहुण्यांच्या पंगतीत बसलो. बायकोनं माझ्या ताटात बटाटा वाढला, आणि मी तो मुकाट्यानं खाल्ला.