पांढऱ्या पंखांना न लावलेले पट्टे

माघातलं धुकं रेवदंड्याच्या खाडीवर बसलं होतं. होड्या दिसत नव्हत्या, वल्ह्यांचा आवाज तेवढा येत होता. काळूराम ओसरीवर शीड शिवत होता. नव्या पांढऱ्या कापडाला हात लागला की त्याचं मन आजही किहीमला जाई.

चार वर्षांमागे, एकोणीसशे बत्तीस साली, मुंबईचे काही हौशी तरुण किहीमच्या टेकडीवरून ग्लायडर उडवत. बिनइंजिनाचं विमान ते. दहा जणांनी रबरी दोर ताणून सोडला की वाऱ्यावर तरंगायचं. त्यातल्या दिनानाथरावांनी पंखांना नवं कापड चढवायला काळूरामला बोलावलं. त्याच्याइतका बारीक टाका त्या किनाऱ्यावर कुणाचा नव्हता.

काळूरामच्या घरातून नवं शीड कधी कोरं पांढरं गेलं नाही. ऐनाच्या झाडाची साल उकळून रंगवलेला काळपट पट्टा त्यावर आडवा पडायचाच. धुक्यात पांढरं शीड आभाळात विरून जातं आणि समोरची होडी येऊन आदळते, हे बापानं त्याला शिकवलेलं. म्हणून त्याच्या बायकोनं, सोनूबाईनं, पंखांसाठीही पट्टे रंगवून वाळवले होते.

काळूरामनं ते बाजूला सारले.

"या पाखराला ठिगल लावू? मुंबयची मान्सं बघाया येनार हायत. माजा टाका दिसू दे की."

"टाका दिसंल. पाखरू दिसंल का?"

"तू आपल्या भाकऱ्या थाप!"

उडायच्या सकाळी, हलक्या धुक्यात, पंखावरून हात फिरवत दिनानाथरावांनी विचारलं, "काळूरामदादा, मुंबईहून आमच्या दोस्ताचं इंजिनाचं विमान येतंय. त्याला आम्ही दिसू ना?"

"दिसाल म्हंजे? बगल्यावानी दिसाल, सायेब!"

दिनानाथराव आत बसले, दोर सुटला. ग्लायडर वर चढलं आणि धुरकट आभाळात असं मिसळलं, की खालून काळूरामलाच ते सापडेना. मग इंजिनाची घरघर आली. मग काहीतरी फाटल्याचा आवाज. इंजिनाचं विमान पंखाचं टोक उडवून तसंच पुढं गेलं, ग्लायडर माडांत कोसळलं. दिनानाथराव जगले. डावा पाय गेला.

पुढच्या साली ते कुबडी टेकत याच ओसरीवर आले. म्हणाले, "तुझी शिवण कुठंही उसवली नाही बरं. धुकंच वाईट होतं." मग दांडीवर वाळणाऱ्या पट्ट्यांकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे कशाला रे लावता?"

सोनूबाई दारात थांबली.

"कापूड कुजू नये म्हनून," काळूराम म्हणाला. ऐनाच्या सालीनं कापड टिकतं, तेव्हा ते खोटंही नव्हतं. पण तेवढ्यानं ते खरंही झालं नव्हतं. दिनानाथराव चहा पिऊन गेले. गेल्या पावसाळ्यात ते वारल्याचं कळलं. आता सांगायचं झालं तरी कुणाला सांगणार?

"येसाजी शीड न्याया आलाय," मागल्या दारातून सोनूबाई म्हणाली. "वाईच थांब म्हनू त्याला?"

"थांबू दे. पट्टा लावायचा हाय अजून."

त्यानं दोऱ्याला मेण लावलं आणि दाभण उचललं.