नाठाळ मासा

चिराबाजारातल्या कोळणी हेरंब धुरंधरांना चांगल्या ओळखून होत्या. कल्ला उघडून पाहिला की सरंगा कालचा की आजचा हे ते सांगत, आणि कोळीण दुसरी टोपली पुढे ओढी. विमा कचेरीत छत्तीस वर्षं खर्डेघाशी केली, पण माणसाचा खरा रुबाब रविवारी सकाळी पिशवी घेऊन निघताना. अशा माणसाला एक मासा पकडता येऊ नये, आणि तोही मोबाईलमधला, ही नाचक्कीच होती.

मोबाईल बायकोचा, दुर्गाबाईंचा. लेक मनवाने त्यात शेतीचा खेळ घालून दिला होता. भोपळे लावायचे, गाई पाळायच्या, नदीवर गळ टाकायचा. खेळातल्या गावात एक मत्स्यालय होतं. त्याच्या चारपैकी तीन टाक्या दुर्गाबाईंनी भरल्या होत्या. चौथीसाठी लागणारा मासा फक्त शरदात, तोही पाऊस असेल तरच येई. गळाला लागला की अंगठ्याने दाबत-सोडत एक हिरवी पट्टी त्याच्यावर धरून ठेवायची. पण हा अशा उड्या मारी की पट्टी एकीकडे आणि मासा भलतीकडे. दुर्गाबाई त्याला नाठाळ म्हणत.

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरी आणल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून असत. हेरंबरावांनी भरवलं, मालिश केली, जुने अल्बम काढले, पण बायकोने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. एका दुपारी त्यांनी काही सुचेना म्हणून तो खेळ उघडला. त्याचं संगीत वाजलं आणि दुर्गाबाईंची मान वळली.

"नाठाळ पकडू का गं?"

डावा हात जरासा हलला. एवढ्यावर हेरंबराव पेटले. नाठाळ टाकीत पडला की ही पुन्हा माणसांत येईल, असं त्यांनी मनाशी धरूनच टाकलं.

रोज दुपारी गळ पडे आणि रोज नाठाळ निसटे. हेरंबरावांचा अंगठा सुजला, चहा गार होऊ लागला. तेराव्या दिवशी, खेळातल्या शरदाच्या अगदी शेवटच्या दिवशी, पट्टी माशावर टिकली आणि नाठाळ बाहेर आला. दुर्गाबाईंनी आधी माशाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि दमून झोपी गेल्या.

हेरंबरावांनी मासा मत्स्यालयाकडे नेला तर दार बंद. खेळात संध्याकाळ झाली होती, आता सकाळीच उघडणार. ताजा मासा रात्रभर उघडा ठेवायचा? साठ वर्षांचा खवय्या त्यांच्या आत जागा झाला. खेळातल्या घरी चूल होतीच. त्यांनी मासा तळून ठेवला.

मनवा ऑफिसातून आली. नाठाळ पकडल्याचं कळताच तिने मोबाईल पाहिला, तर चौथी टाकी रिकामी.

"बाबा, मासा कुठाय?"

"तळलाय. नाहीतर सकाळपर्यंत नासला असता."

मनवा मटकन खुर्चीत बसली. "गेममध्ये मासा नासत नाही, बाबा."

"मग तळलेला टाकीत...?"

"नाही चालत. आता गेममधलं वर्षभर थांबायचं."

दुर्गाबाई जाग्या झाल्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. हेरंबराव माफी मागायला त्यांच्याजवळ सरकले. दुर्गाबाईंनी डावा हात पुढे केला आणि मोबाईल घेतला.

खेळात हिवाळा लागला होता, नदीकाठी बर्फ होता. नाठाळ येणार नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी डाव्या अंगठ्याने गळ टाकला. साधा, गरीब मासा लागला. पट्टी घसरली, मासा गेला. पुन्हा टाकला. पुन्हा गेला.

हेरंबरावांचे हात आपोआप पुढे झाले. दुर्गाबाईंनी मोबाईल छातीशी धरला आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा हेरंबरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि तसेच बसून राहिले.