निळीच की!

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'बर्नर' म्हणते, अगदी तोंडावर. राग कसला येतोय, उलट मिशीतल्या मिशीत हसतात. तीस वर्षं लोकांच्या शेगड्या नि गॅसचे गिझर दुरुस्त केले. काम झालं की हात पुसत ठरलेलं वाक्य, "ज्योत निळी, काळजी मिटली."

लग्नानंतर आठवड्याभरात मला शेगडीसमोर उभं करून शिकवणी घेतली होती. नव्या नवरीला कोणी असलं शिकवतं का, बाई! म्हणाले, "इंधनात ताकद दडून बसलेली असते. पेटलं की हवेशी तिची गाठ पडते, आणि ती ताप नि उजेड होऊन बाहेर येते. हवा पोटभर मिळाली तर ज्योत निळी, उजेड थोडा, ताप भरपूर. हवा कमी पडली तर इंधन अर्धवट जळतं. काजळीचे कण तापून चमकतात, म्हणून ज्योत पिवळी दिसते."

"मग पिवळीच बरी की, केवढी देखणी!" मी म्हटलं.

हे एकदम गंभीर झाले. "त्या अर्धवट जळण्यातच विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. माणसाला नुसती गुंगी येते आणि तो उठतच नाही."

गेलं वर्षभर ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. स्क्रू चाचपडत शोधायचे. दिवा चालू असताना "दिवा लाव" म्हणायचे. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायचे, "मला काय धाड भरलीय?" मीही मूर्ख, गप्प बसले.

मग गेल्या आठवड्यात, सकाळी चहा पिताना माझ्याकडे बघून म्हणाले, "हा राखाडी स्वेटर कधी घेतलास?"

स्वेटर निळा होता. ह्यांनीच आणलेला, 'बघ, बर्नरच्या ज्योतीचा रंग' म्हणून. आणि आदल्याच दिवशी हे लेकीचा गिझर साफ करून, त्याची ज्योतीला हवा कमी-जास्त सोडणारी पट्टी बसवून आले होते. लेकीच्या घरात आमची दीड महिन्याची नात.

"अहो, काल लेकीकडची ज्योत कशी होती?"

"निळीच की."

"दिसली, की आपलं म्हणालात?"

ह्यांनी कप खाली ठेवला. "आवाजावरून लावली," एवढंच म्हणाले.

लेकीचा फोन नुसता वाजत होता. दोन गल्ल्या आम्ही पळत गेलो, हे चपला न घालता. बऱ्याच वेळाने लेकीने दार उघडलं. तिचा तोल जात होता.

"आई, डोकं नुसतं भणभणतंय गं."

"बाळ कुठंय?"

"आंघोळ घातल्यापासून झोपलंय. हूं नाही की चूं नाही. आणि बाबा, गिझर काय झकास झालाय! बाथरूम कसं उजळून निघतं!"

बाळाला गारवा लागू नये म्हणून तिने खिडकीच्या फटीतही कापड कोंबलं होतं. हे आत धावले, नातीला उचलून रस्त्यावर आणलं. तिची मान लुळी पडली होती. नात दोन दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. तिसऱ्या दिवशी तिने टाहो फोडला, तेव्हा मीही गळा काढून रडले.

रडून झाल्यावर ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि मग फाडफाड बोलले. मोतीबिंदू हो, नुसता मोतीबिंदू! अर्ध्या तासाच्या ऑपरेशनचं दुखणं ह्यांनी वर्षभर लपवलं, कारण लोक म्हणतील बर्नरला दिसत नाही. ह्यांनी सगळं खाली मान घालून ऐकलं. मग हळूच म्हणाले, "अगं, वर्षभरात मी आणखी किती घरी 'निळीच' म्हणालो असेन."

तेव्हापासून आम्ही दोघं दारोदार फिरतोय. हे गिझर पेटवतात आणि मला विचारतात, "रंग?" मी सांगते. तीन घरी 'पिवळा' म्हणावं लागलं.

आता ज्या दाराशी उभे आहोत, तिथे नवराबायको राहतात, दोघंच. बाथरूमच्या बंद काचेत पिवळा उजेड हलतोय. आत पाणी वाहतंय. मी चौथ्यांदा बेल दाबली.

"अगं, जोरात वाजव," हे म्हणाले, आणि खांद्याने दार ढकलायला लागले.