व्हर्नरचा झेंडा

व्हर्नर टोफ्टगोर डेन्मार्कमधल्या रँडर्सच्या शाळेत सुतार होता. आठवडाभर बाकांचे पाय बसवायचे आणि रविवारी फुटबॉलच्या मैदानाच्या कडेनं पंचाचा झेंडा घेऊन पळायचं. त्या काळी युरोपियन कपाचे पंचसुद्धा असेच कामधंद्यातले असत. १९७३ च्या वसंतात उपांत्य सामन्यासाठी त्याला जर्मनीला बोलावणं आलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी दोन दिवसांची रजा दिली आणि बायको बोडिलनं त्याचे बूट स्वतः चमकवले.

त्या सामन्यात, चारच मिनिटं उरली असताना, पोर्तुगालच्या एका छोट्या बंदरगावच्या संघातल्या अबीलियो नावाच्या पोरानं गोल मारला. व्हर्नरनं झेंडा वर केला. ऑफसाइड. म्हणजे पास निघताना पोरगा शेवटच्या बचावपटूपेक्षाही गोलजवळ होता. गोल रद्द झाला, पोर्तुगीज हरले.

नंतर पत्रं आली, त्यातली बरीचशी शिव्यांची. टीव्हीवर गोल पुन्हा पुन्हा दाखवला, पण तेव्हा कॅमेरा एकच, तोही उंचावर. मैदानाची पलीकडची बाजू चित्रात येतच नव्हती. व्हर्नरचं उत्तर ठरलेलं होतं. "मी पाहिलं ते पाहिलं." पन्नास वर्षं तो हेच म्हणत आला.

मग एका शनिवारी सकाळी कोपनहेगनहून टीव्ही वाहिनीची मंडळी आली. सिडसेल नावाची बातमीदार आणि तिचा कॅमेरावाला. जुन्या सामन्यांवर कार्यक्रम करतोय, म्हणाली. बोडिलनं कॉफी ओतली. सिडसेलनं टेबलावर छोटा पडदा उभा केला.

"व्हर्नर, गोलच्या मागं एक हौशी माणूस कॅमेरा घेऊन उभा होता. त्याचं रीळ आता सापडलंय. बघाल?"

"बघतो की. मला काय भ्या आहे?"

चित्र सुरू झालं. गोलच्या पलीकडच्या खांबाशी एक जर्मन बचावपटू घसरून आडवा पडला होता. पास निघाला त्या क्षणी तो अबीलियोपेक्षा चांगला दोन हात गोलजवळ होता. ऑफसाइडचा प्रश्नच नव्हता. व्हर्नरला तो माणूस कधी दिसलाच नव्हता.

त्यानं कप बाजूला सारला. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघताना तो पडद्याला नाक लागेल इतका वाकला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ सरकला.

"बंद कर ते," बोडिल कॅमेरावाल्याला म्हणाली. "माणूस आहे तो. तमाशा नाही."

"राहू दे, बोडिल," व्हर्नर कसाबसा म्हणाला. "त्या वेळी माझा झेंडा सगळ्यांनी बघितला. आता हेही बघू देत. पण सिडसेल, आधी त्या पोराला कळलं पाहिजे. टीव्हीवरून नाही. मी सांगणार."

'पोरगा' आता त्र्याहत्तरचा होता. सिडसेलनं नंबर मिळवला, आणि सोमवारी दुपारी व्हर्नरनं फोन लावला. मध्ये अबीलियोची मुलगी ओदेत होती, इंग्रजीतून इकडचं तिकडं करायला. आपण कोण ते व्हर्नरनं सांगितलं, आणि शिव्या ऐकायची तयारी करून बसला.

"बाबा म्हणतायत, तुम्हाला कधी भेटता आलं नाही," ओदेत म्हणाली. "तुमच्यावर लोक उगाच चिडले म्हणतायत. चूक बाबांची स्वतःचीच होती म्हणे. पास निघायच्या आधीच पळायची घाई त्यांनी केली. थोडं थांबले असते तर अख्खं गाव फायनलला गेलं असतं. आम्हाला लहानपणापासून हेच सांगतात."

व्हर्नर भिंतीला टेकला. लोकांचा राग त्यानं पचवला होता. या माणसानं आपल्या झेंड्यावर विश्वास ठेवला असेल, आणि पन्नास वर्षं स्वतःलाच दोष दिला असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"त्यांना सांग," तो म्हणाला, "घाई नव्हती. गोल बरोबर होता. मी चुकलो."

ओदेतनं ते तिकडं पोर्तुगीजमधून सांगितलं.

"बाबा म्हणतायत, परत सांगा."

व्हर्नरनं परत सांगितलं. मग अबीलियोनं फोन मुलीच्या हातातून घेतला. पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं आणि थांबला. व्हर्नरला भाषा कळत नव्हती, पण प्रश्न कळला.

"गोल," तो म्हणाला. "हो. गोल."

पलीकडे म्हातारा रडत होता. फोन कुणीच ठेवला नाही. बोडिल येऊन शेजारी बसली तेव्हा त्याच्यासाठी ओतलेली कॉफी गार झाली होती, आणि व्हर्नरनं रिसीव्हर अजून कानालाच धरला होता.