बाबांच्या पिकअपचा नवा पंप

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांनो, आज माझ्याकडून चूक झाली.

ऐंशी सालच्या सुमारास बाबांनी पेट्रोलच्या पिकअपला डिझेल इंजिन बसवलं. सिहोऱ्याचं धान ते तिच्यातून तुमसरच्या राइस मिलला न्यायचे. रोज निघताना बोनेट उघडून, इंजिनात डिझेल चढावं म्हणून, डिझेलचा पंप हातानं दाबायचे. तो फस्‌-फस्‌ आवाज आला की आई चहा ठेवायची. बाबा गेल्यावर मी दाबत होतो, आई चहा ठेवतच होती.

आज पंप फुटला. दुकानदार म्हणाला, "हातवाला भेटते भाऊ, पण इलेक्ट्रिक घ्या. दाबायची कटकटच नाही."

घेतला. घरी अंगणात बसवून चावी फिरवली, गाडी लगेच सुरू झाली.

आई आतून म्हणाली, "कोणाची गाडी आली रे? आपली कवा निघून राहिली?"

चहा ठेवलेला नव्हता.

दुकानदार पंप बदलून देईल का हो?