दुसरा भाग न ठेवणाऱ्या बाई

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर एक बाई व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवायच्या. प्रत्येक कॅसेट आधी स्वतः बघायच्या आणि बोलताना काउंटरवर बोटांनी ठेका धरायच्या. कार्टून सिनेमांचे दुसरे भाग मात्र त्या ठेवतच नसत. "पहिल्याच्या नावावर खपवतात मेले," म्हणायच्या. "पोरांना काय कळतंय, असं समजतात."

माझी बायको गेली त्या वर्षी मुलीने अस्वलाच्या पिल्लाचा एक सिनेमा चारदा पाहिला. त्यात पिल्लाची आई मरते. दुसऱ्या भागात ती जिवंत परत येते असं कळलं, म्हणून मी तो मागायला गेलो.

"नाही ठेवला," बाई म्हणाल्या. "मेलेली आई परत आणतात! पोरीला खोटं दाखवायचंय तुम्हाला?"

मला राग आला. मी उल्हासनगरहून तो भाग आणला. मुलगी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन मी बाईंना ते सांगितलं.

काउंटरवरचा त्यांच्या बोटांचा ठेका थांबला. "हसली? फार बरं झालं," त्या हळूच म्हणाल्या. मग मान ताठ करून माझ्याकडे बघितलं. "पण सिनेमा वाईटच आहे. मी ठेवणार नाही."